खोक्यावरचा मदरबोर्ड

सोमवारी सकाळी दहापर्यंत संगणक नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हवा, नाहीतर घरून पानं लावण्याचं काम बंद, असं दैनिकाने शुक्रवारी कळवलं. डेस्कवरून कमी केल्यानंतर माझ्याकडे तेवढंच काम उरलं होतं. नवी सिस्टिम घालण्याआधी बायोस अपडेट करायचा होता. बायोस म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डवरच बसवलेला छोटा प्रोग्राम.

बेलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं रिकामं खोकं पोटमाळ्यावर आहे. मिक्सरचं, इस्त्रीचं, कधीच भंगारात गेलेल्या टीव्हीचंही. मदरबोर्डचं खोकं त्यातच सापडलं. त्यावरचं मॉडेल वाचून मी फाइल डाउनलोड केली, पेनड्राइव्हवर घेतली आणि संगणक पुन्हा सुरू करून बायोसमध्ये गेलो. पडद्यावर उत्तर आलं: फाइल योग्य नाही.

फाइल पुन्हा उतरवली. पेनड्राइव्ह फॉरमॅट केला. मागच्या पोर्टला लावून पाहिला. शेजाऱ्यांचा आणला. आधीची आवृत्तीही देऊन पाहिली. शनिवार यातच गेला.

रविवारी दुपारी बायको मागे उभी राहून पडदा वाचू लागली.

"अहो, हे वर कोपऱ्यात कसलं नाव आहे?"

"बोर्डाचं."

"खोक्यावर तर वेगळंच आहे."

दोन दिवसांत मी तो कोपरा एकदाही वाचला नव्हता.

"मूळ कागद पाहिल्याशिवाय छापू नका म्हणून ऑफिसात पोरांना सोलून काढायचात," ती म्हणाली. "आणि घरी खोकं बघून काम!"

कॅबिनेटचे स्क्रू काढले, धूळ पुसली. बोर्डावर छापलेलं मॉडेल पडद्यावरच्या नावाशी जुळत होतं, खोक्यावरच्याशी नाही. तो बोर्ड खोक्यावरच्यापेक्षा दोन पिढ्या जुना निघाला. त्यावरचा प्रोसेसर नव्या सिस्टिमला चालत नव्हता. बायोस बदलूनही उपयोग नव्हता.

संगणक सात वर्षांपूर्वी धाकट्या भावाने जोडून दिला होता. तो तळोज्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. नात्यातले सगळे संगणक तोच जोडतो. सुटे भाग मी आणले, त्याने घरी नेले आणि आठवड्याने तयार संगणक आणून दिला. सोबत रिकामी खोकीही आठवणीने आणली होती. मी त्याला फोन लावला.

"अरे, ते होय," तो म्हणाला. "तेव्हा मी गेम खेळायचो, दादा. तुला नुसतं मराठी टाइप करायचं होतं. त्याला एवढा बोर्ड कशाला?"

"बोर्ड आणि प्रोसेसर, दोन्ही काढून घेतलेस."

"काढून काय? बदलले. माझेपण चालूच होते की. सात वर्षांत एकदा तरी अडलं तुझं?"

"आज अडलंय. आत्ता घेऊन ये ते."

"आत्ता कुठे? सेकंड शिफ्ट आहे, निघतोच आहे. टेन्शन नको घेऊ. पुढच्या रविवारी येतो, बघू."

"नवी सिस्टिम तुझ्याकडे बसली?"

"कधीच. बायोस तर पहिल्याच फटक्यात घेतला."

सोमवारी सव्वादहाला माझं लॉग-इन बंद झालं. दुपारी डेस्कवरून निरोप आला की पान दुसऱ्याकडे दिलं आहे. मी "ठीक आहे" असं उत्तर पाठवलं.

पुढच्या रविवारी भाऊ आला. बोर्ड आणला नव्हता. चहा घेतला, कॅबिनेटमध्ये डोकावला, याचं आता काही होणार नाही म्हणाला. उठताना त्याची नजर टेबलावरच्या खोक्यावर गेली.

"हे नेऊ का, दादा? मी नवा बोर्ड घेतोय. जुना विकताना गिऱ्हाईक खोकं मागतं."

बायकोने त्याला पिशवी दिली.