शेवगाबाई आणि माझा जळका डोळा

शेवगाबाई डब्यातलं उकडलेलं अंडं कधी सरळ खायची नाही. आधी ते बरोबर मधोमध कापायची, दोन्ही अर्धुकं घेऊन खिडकीपाशी जायची, बलकाचा पिवळा रंग उजेडात निरखायची आणि एक आकडा बोलायची. "सात." मग मीठ लावून खायची. बोरिवलीच्या आमच्या कॉलेजात स्टाफरूममधली शाकाहारी मंडळी नाकं मुरडायची, पण तिच्या खिजगणतीतही नसायचं. मी समोर पोळीभाजी खात मनात म्हणायचे, हिचं ना, सगळंच जगावेगळं.

सांगूनच टाकते, मी तिच्यावर जळायचे. थोडंथोडकं नाही, चांगलं पोटात दुखायचं. आम्ही दोघी वनस्पतिशास्त्राच्या, एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, एकाच वर्षी पीएचडीला नाव घातलेल्या. मी पानांवरची रंध्रं मोजायला बसले आणि मोजतच राहिले. तिने शेवग्याचा पाला घेतला, तो कोंबड्यांना घातला आणि वर त्यात प्राचीन चिनी विचार आणून बसवला! विषय ऐकून माणसाला आधी हसू यायचं, मग तो तासभर ऐकत बसायचा. माझा विषय ऐकून लोक "अरे वा" म्हणायचे आणि मोबाइल बघायचे.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," असं मी एकदा तिच्या तोंडावर म्हणाले. ती म्हणाली, "अगं, चिंध्यांचीच गोधडी होते."

चीनचं वेड तिला वाकोल्यात लागलं. लहानपणी तिथल्या वस्तीतल्या बुद्धविहारात भन्तेजींनी सांगितलं होतं, की चीनमधले भिक्खू ग्रंथ न्यायला चालत आपल्याकडे आले. हिने विचारलं, "मग आपल्यातलं तिकडे कोण गेलं?" भन्तेजी म्हणाले, "गेले की, बरेच गेले." "पण वाकोल्यातलं कोण?" भन्तेजी हसले. हिने मात्र ते मनावर घेतलं. नोकरी लागल्यावर रविवारचा क्लास लावून ती चिनी लिपी शिकली. परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्यांवर ती अक्षरं घोटत बसायची, आणि एकदा तरी तिकडे जाऊन ते जुने ग्रंथ त्यांच्याच ग्रंथालयात वाचायचे, एवढं एकच मागणं तिचं आयुष्याकडे होतं.

तिच्याकडून मला कळलं, की त्या जुन्या विचारवंतांनी जग पाच तत्त्वांत वाटून टाकलं होतं. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. प्रत्येकाला एक रंग, एक भावना. पिवळा मातीचा, आणि माती मधोमध. "बघ, अंड्यातही पिवळा मधोमध," असं म्हणून लगेच बोट उगारायची, "हा पुरावा नाही हं! हे फक्त प्रश्न सुचण्यापुरतं." तिचा प्रश्न साधा होता. तांदळाची कणी खाणाऱ्या कोंबडीचा बलक फिकट होतो, शेवग्याच्या पाल्याने तो पिवळा होतो का, आणि किती?

मी एकदा खोडसाळपणे विचारलं, "तुझ्या त्या पाच भावनांत मत्सर कुठे बसतो?"

तिने बोटांवर मोजलं. राग, आनंद, चिंता, दुःख, भीती. "नाही बसत."

"मग त्याचं करायचं काय?"

"कामाला लावायचं."

"तुला वाटतो का गं कधी कुणाचा हेवा?"

"वेळ कुठाय?" असं म्हणून ती तासाला निघून गेली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

रीतसर परवानगी काढून तिने कॉलेजच्या गच्चीवर चोवीस कोंबड्या पाळल्या. शेजारच्या सोसायटीने आवाजाची तक्रार केली, तर ही अध्यक्षांच्या घरी डझनभर अंडी घेऊन गेली. तक्रार मिटली. उलट अध्यक्षीणबाई शेवग्याचा पाला मागायला यायला लागल्या. आमच्या मालवणात गोकुळाष्टमीला आम्ही तोच पाला भाजीत संपवतो, आणि कुणी आम्हाला संशोधक म्हणत नाही.

रंग मोजायला एक पंखा असतो. फिकट पिवळ्यापासून गडद केशरीपर्यंत पट्ट्या, प्रत्येकीवर आकडा. बलकाशेजारी धरायचा आणि जुळणारा आकडा लिहायचा. बशांवर नुसते क्रमांक, कुठली बशी कुठल्या कोंबडीची ते मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. या कामाला तिने मला निवडलं.

"मीच का?" मी विचारलं.

"तू माझ्यावर जळतेस ना, म्हणून. मैत्रीण असली की डोळा उदार होतो."

मेलीला सगळं ठाऊक होतं! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण हो म्हणाले.

त्याच सुमारास चीनच्या एका विद्यापीठाची वर्षभराची शिष्यवृत्ती निघाली. महिनाअखेरीच्या आत अर्ज, आणि अर्जासोबत या प्रयोगाचा निकाल. म्हणजे वाकोल्याची बाई चीनला जाणार की नाही, ते माझ्या हातातल्या पंख्यावर येऊन ठेपलं. ती दाराबाहेर उभी राहायची, मी आत एकटी. काही बलक चांगलेच केशरी होते. मी मनात म्हटलं, हाच तो शेवगा. बारा दिसलं तिथे दहा लिहिलं. आठवडाभर रोज लिहिलं.

शेवटच्या दिवशी तिने माझ्यासमोर क्रमांकांची यादी उघडली. कणी आणि शेवगा एवढेच दोन गट असतील असं मी धरून चालले होते. तिसरा निघाला. झेंडू! झेंडूच्या पाकळ्यांनी बलक केशरी होतो ही खाद्यवाल्यांची जुनी युक्ती, आणि तुलनेसाठी हिने गुपचूप तोही गट ठेवला होता. मी कापले होते ते गुण झेंडूचे. त्यामुळे शेवगा थेट झेंडूच्या बरोबरीला येऊन बसला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. विभागप्रमुख म्हणाले, "झकास! आता तुम्ही जाताच चीनला." पेढे आले. ती पेढा हातात धरून म्हणाली, "हा निकाल मला फारच आवडलाय. म्हणूनच शंका येते." पण शंकेला कारण सापडेना, तेव्हा ती अर्ज भरायला बसली.

चारकोपला घरी मला घास जाईना. आईला काहीच माहीत नव्हतं, तरी ती म्हणाली, "गो, दुसऱ्याच्या ताटात बघत रवलंस तर आपला जेवान निवता." दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले आणि सगळं सांगून टाकलं. फार मोठं मन वगैरे नव्हतं ते. निम्मी लाज होती आणि निम्मा जळफळाटच, की ही माझ्या खोटेपणाच्या खांद्यावर बसून चीनला जाणार!

तिने खाद्य टाकायचं थांबवलं नाही. "किती कमी लिहिलंस?"

"दोन."

"दर वेळी दोनच?"

"हो."

"मग निदान शिस्तीत केलंस." असं म्हणून ती खाद्याच्या पोत्यावर बसली. मग म्हणाली, "माझं वर्ष गेलं गं." डोळे भरले होते तिचे. तिला तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी घाईने म्हणाले, "अगं, त्यात दोन-दोन मिळव ना, झालं!"

"तुझ्या मनातले दोन? ते मी कुठल्या तक्त्यात लिहू?" तिने डोळे पुसले. "परत करायचं. सगळं पहिल्यापासून. आणि रंग तूच बघायचास."

"वेडी आहेस का?"

"कुणी पकडलं नव्हतं, तरी सांगायला आलीस. असा परीक्षक बोरिवलीत दुसरा कुठून आणू?"

दुसऱ्या खेपेला मी दिसेल तेच लिहिलं. झेंडू वर राहिला, शेवगा त्याच्या थोडा खाली, कणी कुठच्या कुठे मागे. निकाल आधीइतका भारी नव्हता. अर्जाची तारीख तर केव्हाच उलटून गेली होती. तिने मला एका शब्दाने ऐकवलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. पुढच्या वर्षी तिने त्याच साध्या निकालावर अर्ज केला आणि गेली. निरोपाच्या दिवशी मी म्हटलं, "जा बाई, सुटले एकदाची!" ती खिडकीपाशी अंडं धरून म्हणाली, "नऊ." आणि अर्धं माझ्या डब्याच्या झाकणात ठेवलं.

आता माझी रंध्रं मोजून झालीत. सूक्ष्मदर्शकाखाली काढलेल्या पानांच्या फोटोंवरची मोजणी तपासायला दुसरं कुणीतरी हवं होतं. मी तिच्याच पद्धतीने विभागात माझ्यावर जळणारं माणूस शोधायला लागले. सगळे चेहरे आठवून पाहिले. "मॅडम, तुम्ही किती गोड," म्हणणाऱ्या नव्या मुली आहेत, रिटायरमेंटचे दिवस मोजणारे सर आहेत. माझ्यावर जळणारं एकही माणूस नाही. एवढी वर्षं मी दुसरीवर जळण्यात घालवली, आणि माझ्यावर जळावं असं काही केलंच नाही. फार वाईट वाटलं.

शेवटी तिलाच मेसेज केला. उत्तर आलं, "पाठव. इथे वेळ आहे. जळते तुझ्यावर."

मी फोटोंवरची नावं काढली, नुसते क्रमांक घातले आणि पाठवून दिले. चार दिवसांनी तिचा तक्ता आला. माझ्या तक्त्याशेजारी ठेवून बघते तर काय, तिचा प्रत्येक आकडा माझ्यापेक्षा बरोबर दोनने कमी! पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. सगळीकडे दोन. तेवढ्यात दुसरा मेसेज आला.

"थट्टा गं. खरे आकडे आता पाठवते. जरा जळून बघितलं."