बोलण्याला पानं पुरेनात

गळ्याच्या ऑपरेशननंतर ह्यांचा आवाज गेला. तो जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, कागदावर सहीही घेतली होती. तरी शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते मला हाक मारायलाच. ओठ हलले, आणि गळ्याला केलेल्या भोकातून नुसती हवा आली. मग माझ्याकडं बघत त्यांनी ओठ मिटले आणि भिंतीकडं तोंड केलं.

ह्यांची सगळी नोकरी मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानात गेली. सौद्याच्या वेळी गुळाच्या ढेपांच्या, म्हणजे रव्यांच्या, थप्पीशी उभं राहून बोली पुकारायचं काम ह्यांचं. घरी आल्यावरही तो आवाज उतरायचा नाही. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारी कळायचं. मी मुलींच्या शाळेत शिकवायची. दिवसभर वर्गाचा कालवा ऐकून यायची आणि चपला काढता काढता म्हणायची, "जरा हळू बोला हो." हे मी इतक्यांदा म्हटलं असेन, की पुढं पुढं ते ह्यांनाही ऐकू येत नसावं आणि मलाही.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा मी एक पाटी आणून ठेवली होती. ह्यांनी तिच्यावर लिहिलं, "मी काय बिगरीतलं पोरगं हाय?" आणि ती पलंगाखाली सरकवली. गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र मिळतं, तेही एकानं आणून दाखवलं. त्यातून येणारा तो सपाट, पत्र्यासारखा आवाज ह्यांनी एकदाच ऐकला आणि मान हलवली. फोनवरून मेसेज पाठवून बघितले, पण भावकीच्या ग्रुपवरच्या शुभ सकाळमध्ये ह्यांचं "पाणी दे" बुडून जायचं.

शेवटी आमची मुलगी पुण्याहून आली आणि तिनं ह्यांच्या फोनवर टिपणं लिहून ठेवायचं एक ॲप घालून दिलं. कोरं पान उघडायचं, मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि समोरच्याला दाखवायचं. तेच पान माझ्या फोनवरही उमटायचं. हे पुढच्या सोप्यात बसून लिहायचे आणि मी स्वयंपाकघरात वाचायची. फुकट होतं. कशाला म्हणून पैसे लागत नव्हते.

ह्यांना ते जमलं. आधी एका बोटानं, मग दोन्ही अंगठ्यांनी. रोजच्या बोलण्याचं वेगळं पान करायचे. काही पानं कायमची तयार होती. दुकानदारासाठी होतं त्यावर लिहिलं होतं, "पावणं, मला बोलता येत न्हाय. पण ऐकू चांगलं येतंय. वरडू नका." मुक्या माणसाशी लोक ओरडून बोलतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. रंकाळ्यावर फिरायला गेलो की ओळखीचा माणूस भेटायचा, ह्यांच्या कानाशी येऊन जोरात विचारायचा, "बरं हाय न्हवं आता?" हे शांतपणे फोन काढून ते पान त्याच्यासमोर धरायचे.

आम्ही भांडायचोही त्याच्यावर. मी तोंडानं, हे अंगठ्यांनी. मी चार वाक्यं बोलून मोकळी व्हायची तेव्हा ह्यांचं पहिलं लिहून व्हायचं. मग राग शिळा व्हायचा आणि हे लिहिलेलं दाखवायला यायचे तेव्हा मला हसू यायचं. त्याचा त्यांना आणखी राग यायचा.

एकदा मुलीबरोबर जोतिबाला गेलो होतो. दर्शन झाल्यावर ती नारळ, प्रसादाचं बघायला दुकानात शिरली. आम्ही दोघं पायरीवर टेकलो. ह्यांनी फोन काढला आणि बराच वेळ लिहीत बसले. मला वाटलं, दमले असतील, घरी जाऊ म्हणत असतील. वाचलं तर त्यात ते मला बघायला गारगोटीला आले होते त्या दिवसाची हकिगत होती. निघताना त्यांच्या मामांनी बजावलं होतं, "तिथं गेल्यावर आवाज चढवू नकोस, मास्तराचं घर हाय." हळू बोलायचं कसं ते ह्यांना येईना, म्हणून हे बोललेच नाहीत. पोहे खाल्ले आणि बसून राहिले. पाहुणे गेल्यावर माझ्या वडिलांनी मध्यस्थाला विचारलं होतं, "मुलगा मुका तर नाही ना?" इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाचून मी हसले आणि लगेच मला रडू आलं. मुलगी परत आली तेव्हा तिला वाटलं, आमचं काहीतरी बिनसलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात ॲप उघडलं की वर एक पट्टी दिसायला लागली. मजकूर इंग्रजीत होता. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी वाचून सांगितलं. फुकट वापरणाऱ्यांना यापुढं मोजकीच पानं मिळणार होती. आमची पानं त्या मर्यादेच्या कधीच पलीकडं गेली होती. जुनी दिसतील, पण नवीन उघडायचं असेल तर पैसे भरा, नाहीतर जुनी काढून टाका.

ह्यांनी नवीन पान उघडायला बघितलं. उघडलं नाही. मग दुकानदाराच्याच पानावर, "वरडू नका"च्या खाली, त्यांनी लिहिलं, "म्हंजे बोलायचं बंद?"

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, मी भरते. वर्षाचे एकदम भरून टाकते, विषय संपला."

ह्यांनी मान हलवली आणि लिहिलं. मी ते तिला वाचून दाखवलं, "बोलायचं भाडं देणार न्हाय. आज वर्षाचं मागत्यात, उद्या शब्दाचं मागतील."

"बाबा, हट्ट करू नका."

ह्यांनी फोन माझ्याकडं देऊन टाकला आणि उठून बाहेर गेले. बाकी कशावर त्यांचा ताबा राहिला नव्हता. जेवण डॉक्टर ठरवायचे, झोप औषधं ठरवायची. एवढ्या एका गोष्टीला नाही म्हणता येत होतं, ते त्यांनी म्हटलं.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. राजारामपुरीतल्या एका मोबाइलच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं एक दुसरं ॲप घालून दिलं आणि जुनी पानं त्यात ओढून आणायची खटपट केली. आली, पण जोडाक्षरं सगळी फुटली होती. 'त्रास' लिहिलेलं होतं तिथं चौकोन. त्यानं तिसरं दाखवलं, त्यात अक्षर मुंगीएवढं. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी चौथं सुचवलं. ते बरं वाटलं. अक्षर मोठं, पानं हवी तेवढी. ह्यांनी महिनाभर तेच वापरलं.

मग तपासणीला गेलो. ह्यांना काही दिवस गिळताना दुखत होतं, मला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना सांगायचं म्हणून घरूनच नीट लिहून आणलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणताय?" ह्यांनी फोन पुढं केला, आणि त्या पानावर एकाएकी कसलीतरी जाहिरात आली. पत्त्यांचा खेळ होता. गाणं वाजायला लागलं, नाणी पडल्याचा आवाज. हे बोटानं दाबत होते, ती जाईना. डॉक्टर थांबले, नर्स हसली, वाईट मनानं नव्हे. जाहिरात गेली तेव्हा डॉक्टरांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. पण ह्यांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. फोनकडंच बघत होते. घरी येईपर्यंत रिक्षात त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून हे जुन्या ॲपवर परत आले आणि पानं पुसायला लागले.

दुपारी सोप्यात बसायचे. एकेक पान उघडायचे, वरपासून खालपर्यंत वाचायचे, आणि काढून टाकायचे. मग बोलायला नवीन पान मिळायचं; काढलेलं माझ्या फोनवरूनही जायचं. मी म्हटलं, "जुन्याच पानावर खाली लिहा की. पुसता कशाला?"

त्यांनी लिहिलं, "तसं करून बघितलं. मेडिकलवाल्याला दाखवाय गेलो तर तुझ्याबरोबरचं भांडान वाचून बसला."

"मग माझ्या फोनमध्ये उतरवून ठेवते मी."

त्यावर त्यांनी मान हलवली. मग लिहिलं, "तोंडानं बोलत हुतो तवा कुठं साठवून ठेवत हुतो? बोललेलं जातंयच की."

स्वयंपाकघरात दूध ठेवलं होतं, ते निमित्त करून मी आत आले. उतरवून घ्यायचं माझ्या मनात राहिलं, पण तेव्हा दुखणं उलटल्याचं नक्की झालं, परत दवाखाना सुरू झाला, आणि कोणत्या दिवशी कोणतं पान गेलं हे बघायला मला फुरसत राहिली नाही.

पुढं पानं आपोआपच पुरायला लागली, कारण ह्यांचं बोलणं कमी झालं. एकच पान दिवस दिवस चालायचं. "उशी." "पाय दाब." "दिवा नको." शेवटच्या आठवड्यात फोन हातात धरवेना, तेव्हा बोटानं माझ्या तळहातावर काहीतरी लिहायचे. मला वाचता यायचं नाही. मी हो म्हणायची.

हे गेल्यावर, दिवसकार्य झाल्यावर, मुलीनं ह्यांचा फोन उघडला. पानं मोजकीच उरली होती. दुकानदाराचं, दवाखान्यातली, एका पानावर औषधांची नावं, एकावर कुणाला तरी विचारलेलं, "बस कवा हाय?" जोतिबाच्या पायरीवरचं पान नव्हतं. भांडणातलं एकही नव्हतं. आवराआवर करावी तसं माणसानं सगळं काढून टाकलं होतं आणि कामापुरतं ठेवलं होतं.

मुलीनं पैसे भरले. तिला वाटलं, पैसे भरले की पुसलेलं परत दिसेल. कचऱ्याची टोपली म्हणून एक जागा असते त्यात, पुसलेलं काही दिवस तिथं पडून असतं. ती रिकामी होती. तिनं कंपनीला लिहिलं, सविस्तर लिहिलं, वडील होते, बोलू शकत नव्हते, वगैरे. उत्तर लगेच आलं. आमची सेवा निवडल्याबद्दल त्यात आभार मानले होते, आणि ठरावीक मुदतीनंतर काही परत मिळत नाही असं लिहिलं होतं. ते माणसानं लिहिलेलं नव्हतं, हे तिला कळलं तरी ती पुनःपुन्हा वाचत बसली.

"आई, आता हवी तेवढी पानं उघडता येतील," ती म्हणाली आणि फोन उपडा ठेवून दिला.

गारगोटीची हकिगत मला पाठ आहे. मामा, पोहे, वडिलांचा प्रश्न, सगळं सांगता येतं. पण ह्यांनी ती कोणत्या शब्दांत लिहिली होती ते आठवत नाही. मी सांगायला लागले की ती माझ्या शाळेच्या भाषेत येते.

ह्यांची थोरली बहीण इचलकरंजीला असते. सहा महिने झाल्यावर ती राहायला आली. बोलणं भावासारखंच, खडं आणि मोठं. जेवण झाल्यावर भांडी आवरताना ती एकदम म्हणाली, "मी शेवटचं भेटाय आल्ते तवा त्यानं मला काय लिवून दावलं, आठवतंय तुला?"

मी म्हटलं, "हो. 'परत लवकर ये' म्हणून लिहिलं होतं."

"न्हाय," ती म्हणाली. "'परत यायची घाई करू नगंस' असं लिवलं हुतं. तूच वाचलं न्हवतंस व्हय?"

"मी वाचलं की वन्सं. लवकर ये, असंच होतं."

"मला वाचून दावलंस ते तूच. माझा चष्मा न्हवता. तू वाचलंस, घाई करू नगंस."

मला असं वाचल्याचं आठवत नव्हतं. तिला दुसरं काही आठवत नव्हतं, आणि बघून ठरवायला ते पान उरलं नव्हतं. ती घाई करू नको म्हटल्यावरून थांबली होती, आणि परत आली ती ह्यांना स्मशानात न्यायच्या दिवशीच. तिनं पदरानं हात पुसले.

"जाऊ दे," ती म्हणाली, पण आवाज नेहमीसारखा मोठा निघाला नाही.

सकाळच्या गाडीनं ती गेली. मी स्टँडवर सोडायला गेले होते. खिडकीतून तिनं काहीतरी म्हटलं, पण गाडी सुरू झाली होती, आणि मी नुसती मान हलवली.