शुद्ध मराठीतला मंत्र

बडोद्यात अकोट्यातले आमचे शेजारी मकरपुऱ्याच्या कारखान्यात सुटे भाग तपासतात. रविवारी ते जुन्या जादूच्या कॉमिक्सवरून स्वतः रचलेला खेळ खेळवतात. फासे टाकायचे आणि मंत्र शुद्ध मराठीतच म्हणायचा; शब्द चुकला की खेळाडू बाद. नियम सांगताना त्यांचा आवाज राजपुरोहिताचा होतो, अंगात मात्र गंजीफ्रॉक असतो.

परवा खेळात त्यांच्या भाचीची चेटकीण गुहेत कोंडली गेली. मराठी कच्चं म्हणून ही मुलगी महिनाभर गप्पच बसलेली. आता बोलणं भागच होतं. दाराचा मराठी शब्द काही आठवेना, गुजरातीच तोंडात येई.

"बारणुं, उघड," ती पुटपुटली.

सगळे हसले, मीही. "काका, ही बाद," कुणीतरी म्हणालं.

त्यांनी चष्मा पुसला. "बारणुं उघडलं. गुहा बडोद्याची आहे."

भाचीने कुणाला न विचारता पुढचा फासा उचलला.