झंडीमामा आणि सहा सेकंदांचा रस्सा

झंडीमामांनी रुमाल खाली सोडल्याशिवाय नागपुरातल्या पाच भोजनालयांत आणि एका बारमध्ये कोणी पहिला घास घेत नसे. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर सात भोजनालयं म्हणालो असतो. ताटं वाढून झाली, रश्श्यावर लाल तर्री आली, की मामा उभे राहत, उजवा हात वर नेत, सगळ्या टेबलांवरून एकदा नजर फिरवत आणि गरजत, "हुश्शार!" चाळीस माणसं भाकरीचा तुकडा मोडून रश्श्याच्या वर अधांतरी धरून बसत. रुमाल पडला की चाळीस हात एकदम वाटीत. एकदा रुमाल वर असतानाच मामांना शिंक येऊ घातली आणि येता येता राहिली. ती परत येईपर्यंत अख्खं भोजनालय ताटकळलं. एका वकिलाची कोर्टातली तारीख त्या शिंकेत गेली.

मामा नागपूरला लागून असलेल्या वाडीत एका धर्मकाट्यावर ट्रक तोलायला होते आणि मी शेजारच्या गोदामात बिल्ट्या, म्हणजे ट्रकमालाच्या पावत्या, लिहायला. आठवड्याचे सहा दिवस मामा ट्रकांचे आणि हिवाळ्यातले रविवार शंकरपटाचे. बैलजोड्यांच्या शर्यतीला आमच्याकडे पट म्हणतात, हे ज्याला सांगावं लागतं त्याला पुढचं सांगून तरी काय उपयोग, पण सांगतो. जोड्या सोडायला झंडी पाडायची आणि कोण जिंकलं ते सांगायचं, हे काम मामांनी तीस वर्षं केलं. सख्ख्या साळ्याची जोडी एकदा नाकपुडीभर मागे राहिली, तेव्हा मामांनी भरल्या पटात साळ्याला हरवलं. साळ्यानं लाऊडस्पीकरवरून जाहीर केलं, की आजपासून बहीण तेवढी माझी, जावई आमचा नाही. मामा शांतपणे म्हणाले, "नातं वेगळं गा, न् नाक वेगळं." मामी चार महिने बोलल्या नाहीत. मामा म्हणायचे, त्या चार महिन्यांत त्यांचे निकाल सर्वांत अचूक आले.

मग पटांवर बंदी आली. बैल गोठ्यात गेले, धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारे गडी, ट्रॅक्टरवर बसले, पण मामांच्या उजव्या हाताला कोर्टाचा आदेश कळेना. काट्यावरून ट्रक उतरला की तो हात आपोआप वर जायचा आणि झपकन खाली यायचा. एका दिवशी ती खूण बघून तीन ट्रक अमरावती रोडवर असे सुटले की त्यांतल्या एकाला आपण संत्री उतरवायला आलो होतो हे पार पुढच्या कोंढाळी गावात आठवलं. काट्याच्या मालकानं हात जोडले. "मामा, हा हात कुठंतरी दुसरीकडं वापरा." मामांनी तो अनसूयाबाईच्या भोजनालयात वापरायला सुरुवात केली.

अनसूयाबाई कोष्ट्याची. घरचे माग थांबले तेव्हा तिनं गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली, सहा टेबलं टाकली आणि सावजी रस्सा सुरू केला. मसाला ती स्वतः भाजायची, प्रत्येक जिन्नस वेगळा, आणि त्या वेळी गल्लीतून जाणारा माणूस नाकाला रुमाल लावून पण हळूहळू जायचा. मामांनी तिथंच आपलं शास्त्र काढलं. पहिला घास आणि कपाळावरचा पहिला घाम यांच्यामधले सेकंद मोजायचे. जितके कमी सेकंद, तितकं भोजनालय वर. पटातलं घड्याळ हाताशी होतंच. फक्त एक कपाळ हवं होतं, रोज तेच. माझं टक्कल बघून मामा म्हणाले, "तुह्या कपाळासारखी सपाट जागा उभ्या विदर्भात नाही गा. उद्यापासून तू." अशा रीतीनं मी बी.कॉम. झालेला माणूस नागपूरच्या खानावळींची धावपट्टी झालो.

आम्ही शहरभर धावलो. धरमपेठेत एक नवीन कॅफे निघालं होतं, तिथं बसायला उंच स्टूल होते आणि चमचे इतके बारीक की मामांनी एक दात कोरायला घेतला. माझ्यापुढे हिरवं काहीतरी आलं. मामांनी घड्याळ दाबलं. पाच मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. कपाळ कोरडं. उलट एसीनं मला शिंका लागल्या. मामांनी मालकाला बोलावून अतिशय दुःखानं सांगितलं, "दादा, तुमची जोडी सुटलीच नाही. बसली आहे जागेवर. तिले उठवा पयले." मालकानं चौकशी केली, हे कोणत्या वर्तमानपत्रातून आले आहेत.

बार वाडीतच होता. त्याच्या पाटीवरची पहिली दोन अक्षरं एका कंटेनरनं नेली होती, म्हणून त्याचं नाव नुसतंच 'बार' राहिलं होतं. तिथं मामा स्वतः सोडा प्यायचे, पण झंडी त्यांचीच. रुमाल पडायच्या आत कोणी ग्लास तोंडाला लावला तर तो परत ठेवायचा, खुर्ची दोन फूट मागे घ्यायची आणि पुन्हा सुरुवात. एक पंजाबी ड्रायव्हर घाईनं सात वेळा चुकला. सातव्यांदा त्याची खुर्ची दाराबाहेर रस्त्यावर गेली होती. तो तिथूनच ओरडला, "मामाजी, अब तो छोड दो!" मामा म्हणाले, "मैं तो कबका छोडून राहिलो बेटा, तूच उडी मारून राहिला." त्या बारमध्ये भांडणं बंद पडली, कारण मारामारीलाही झंडी लागेल अशी लोकांना धास्ती बसली.

आणि मग बंदी उठली. उमरेड रोडवरच्या एका गावानं तीन दिवसांचा पट ठरवला. पटसमितीचे अध्यक्ष जीप घेऊन मामांना न्यायला आले आणि म्हणाले, की जोड्यांचे पंच तर तुम्हीच, पण पटाचं जेवण कोणी करायचं हेही तुम्हीच ठरवा. ज्याचा रस्सा जिंकेल त्याचा मंडप या पटात आणि मोसमभर पुढच्या गावांतल्या पटांतही.

अनसूयाबाईला हे हवंच होतं. हौस म्हणून नव्हे. घरमालकानं खोली मोबाईलवाल्याला द्यायची ठरवली होती. महिनाअखेर टेबलं उचलायची होती. मोसमाचा मंडप मिळाला तर भोजनालय चाकांवर का होईना चालू राहिलं असतं. नाही तर सतरा वर्षांचा तवा थंड. तिच्याविरुद्ध उभा होता हायवेवरच्या ढाब्याचा शेठ. त्याच्या चुलीला पाच तोंडं आणि त्याच्या तोंडाला पन्नास.

पटाच्या आदल्या दिवशी दुपारी बाराला शेताच्या बांधावर सामना झाला. मला खुर्चीत बसवलं, कपाळ टॉवेलनं पुसलं, दोन पुढाऱ्यांनी ते कोरडं असल्याची खात्री केली. पहिला रस्सा अनसूयाबाईचा. मी पण ठरवूनच बसलो होतो. रुमाल पडला, घास घेतला आणि श्वास कोंडून मी नागपूरचा मे महिना आठवायला लागलो. प्रताप नगरातलं माझं वरच्या मजल्यावरचं घर, कूलर बंद, पाहुणे आठ. मामांनी घड्याळावरची नजर न काढता सांगितलं, "श्वास सोड. फाऊल आहे." नऊ सेकंदांत थेंब आला.

मग शेठचा रस्सा. आता मी चिखलदऱ्याची थंडी आठवू लागलो, धुकं, स्वेटर, बर्फाचा गोळा. काही उपयोग झाला नाही. त्या माणसानं रश्श्यात मिरची टाकली नव्हती, मिरचीत थोडा रस्सा टाकला होता. सहाव्या सेकंदाला घाम आला, सातव्याला कानांतून वाफ निघाली आणि आठव्याला समोरच्या झाडावरचा कावळा जागा बदलून बसला.

मामांनी घड्याळ दोनदा तपासलं. सगळा गाव त्यांच्याकडे. शेवटी म्हणाले, "तीन सेकंदांनी हायवे."

अनसूयाबाई पदराला हात पुसत पुढे आली. "मामाजी, सतरा वर्षं माह्या हातचं खाल्लं तुमी."

"म्हनूनच त सांगून राहिलो वं. परकी असती त एखाद्या वेळेस तुले जितवलंही असतं."

ती पातेली घासायला बसली. तिला परतीचा टेम्पो दुसऱ्या दिवशी दुपारी मिळणार होता. मामांना जीपमध्ये मी विचारलं, "काहून असं केलं मामा? तीनच सेकंद होते." मामा म्हणाले, "साळ्याले मी नाकपुडीभर अंतरानं हरवलं गा. तीन सेकंद त लय झाले." आणि मग गावापर्यंत ते बाहेर बघत राहिले. तो माणूस गप्प बसलेला मी त्याआधी फक्त फोटोत पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठच्या मंडपात सगळा पट जेवला. धुरकरी, समिती, ढोलवाले, पुढारी, झाडून सगळे. मामा आणि मी तेवढे धावपट्टीवर खुणा आखत होतो. दहा वाजता पहिली जोडी उभी राहिली. झंडी पडली. धुरकरी सुसाट निघाला, पण जोडीच्या उलट दिशेनं, तुरीच्या शेताकडे. बैल सभ्य होते; त्यांनी आपले आपणच शर्यत पूर्ण केली आणि पलीकडे जाऊन वाट बघत उभे राहिले. दुसऱ्या जोडीच्या धुरकऱ्यानं अर्ध्या वाटेत उडी टाकली. तिसरा आलाच नाही. लाऊडस्पीकरवाला सांगू लागला, "तुरीत असलेल्या समस्त धुरकऱ्यांना नम्र विनंती, की त्यांनी जिथं असतील तिथून त्वरित…" आणि वाक्य तिथंच सोडून तोही गेला. माईक चालूच होता. साडेदहापर्यंत गावात एवढी माणसं तुरीत होती की उभं पीक वाऱ्याशिवाय हलत होतं. अध्यक्ष तर दोनदा जाऊन आले आणि तिसऱ्यांदा जाताना पुढाऱ्यांना भेटले, तिथंच त्यांची बैठकही झाली म्हणतात.

अनसूयाबाई टेम्पोची वाट बघत बसली होती. तिनं हा प्रकार पाहिला, तोंडाला पदर लावून आधी पोटभर हसली, मग कोणी न सांगता चूल पेटवली. ताकाची कढी आणि मऊ भात. एकेक धुरकरी तुरीतून निघून, कंबरेत वाकून, तिच्यापुढे बसू लागला. ती वाढता वाढता म्हणायची, "खाय गा बाबू, हळू खाय. घड्याळ नाही लागलं कोनतं."

अध्यक्ष पिवळे पडून मामांपाशी आले. "मामा, निकाल बदला. जेवण बाईलेच देऊ."

"निकाल बदलत नसते."

"अहो, अर्धं गाव तुरीत हाय!"

"असू द्या. सहा म्हन्जे सहा. मी मोजलं, बरोबर मोजलं." मामांनी शेताकडे एकदा पाहिलं. "मोजाचं काय होतं, थेच चुकलं माह्यं. एवढी वर्षं चुकलं." मग त्यांनी गळ्यातली शिटी काढली, झंडीची गुंडाळी केली, वर घड्याळ ठेवलं आणि सगळं अध्यक्षांच्या हातात दिलं. "निकाल बदलत नसते, अध्यक्षसाहेब. पंच बदलते. नवा पंच बसवा, नवा सामना घ्या."

अध्यक्षांना बोलायचं खूप होतं, पण वेळ नव्हता. ते वस्तूंसकट तुरीकडे धावले.

नवा पंच म्हणून गुरांचे डॉक्टर मिळाले. त्यांचा उपवास असल्यामुळे सगळ्या पटात ताठ उभे राहू शकणारे ते एकटेच अधिकारी होते. त्यांनी गुरांचाच नियम लावला: खाल्ल्यावर दोन तासांनी प्राणी जागेवर असला पाहिजे. कपाळाला कुणी विचारलं नाही. दोन्हीकडे शेजारच्या गावातून आणलेली, ताज्या पोटाची दहा दहा माणसं बसवली. दोन तासांनी अनसूयाबाईकडचे दहाच्या दहा तिथंच घोरत पडले होते. शेठच्या मंडपात शेठ एकटा होता, आणि तोही उभा. मोसम अनसूयाबाईला मिळाला. खोली गेली, पण भोजनालय टेम्पोत चढलं ते आजही गावोगाव फिरतं.

मामांना परत झंडी धरा म्हणून पुष्कळ जणांनी विनवलं. त्यांनी धरली नाही. भोजनालयांतही रुमाल खिशातच राहू लागला. लोक आपले सवयीनं घास हातात धरून त्यांच्याकडे बघायचे, आणि ते मान हलवून म्हणायचे, "खा ना गा, मले काहून पाहून राहिले?" न्यायला जीप येईना. मामा एसटीनं पटाला जायचे, तिकीट काढून, गर्दीत उभे राहून. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. साळा खांदा द्यायला पहिला आला.

मला मात्र ते त्या मोसमातल्या शेवटच्या पटातले दिसतात. अनसूयाबाईच्या मंडपात खाली पोत्यावर मांडी घालून बसले होते. तिनं रस्सा वाढला, वर तर्री घातली, पुढ्यात गरम भाकरी टाकली आणि तिथंच उभी राहिली. तीस वर्षं ज्या माणसाला पटाच्या दिवशी धावपट्टीवरून हलता आलं नव्हतं, तो पहिल्यांदा पटात ऊन ऊन जेवत होता. इतक्यात बाहेर एकच आरडाओरड झाली. शेवटची, मोठ्या बक्षिसाची जोडी सुटली होती. मंडपातली सगळी माणसं उष्ट्या हातांनी बाहेर पळाली. मीही पळालो, गर्दीत काही दिसलं नाही, तसाच परत आलो. मामा जागचे हलले नव्हते. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि ते त्या पुसतही नव्हते.

"मामा," मी विचारलं, "कोनती जोडी आली?"

"मले काय मालूम गा," मामा म्हणाले. "मी जेवून राहिलो."