खोतसाहेबांची चौदा नावं

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मी बावीस वर्षं स्टोअर्सला होते. सोडताना नट, बोल्ट, ग्लोव्हज, गमबूट सगळं यादीप्रमाणे ताब्यात दिलं. पण किस्से कुणाकडे जमा करायचे ते कुणी सांगितलंच नाही! ते माझ्याबरोबर घरी आले. आता चार माणसं चहाला जमली की मी सुरू होते आणि आमचे हे आतून ओरडतात, "पँटींचा सांगितलास का?"

तर सांगतेच. नव्वदीच्या मधल्या वर्षांतलं आहे हे सगळं.

होळीनंतर तळोज्यातल्या कंपन्यांची क्रिकेट स्पर्धा असायची. त्याआधी सहा आठवडे आमचा कॅम्प. फर्स्ट शिफ्ट सुटली की चार ते सहा प्रॅक्टिस. यायचे पंचवीस-तीस जण, टीममध्ये जागा चौदा. ही चौदा नावं पर्सोनेलचे खोतसाहेब एकटे ठरवायचे. शेवटच्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीआधी यादी नोटीसबोर्डवर लागायची. तोवर साहेबांच्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही.

म्हणून कॅन्टीनच्या खिडकीजवळच्या टेबलावर आमची निवड समिती बसायची. लॅबचे सप्रे, इलेक्ट्रिकलचे गायकवाड आणि मी. आमचं काम एकच, साहेब कोणाला घेणार याचा अंदाज बांधायचा. शुक्रवारी आमचा कागद वॉटर कूलरशेजारच्या खिळ्याला लागायचा, शनिवारी साहेबांचा बोर्डवर. मग सप्रे पेन्सिल घेऊन दोन्ही याद्या ताडून बघायचे. दरवर्षी चौदापैकी बारा नावं बरोबर यायची. कधी तेरा नाहीत, कधी अकरा नाहीत.

"दोन नावं कुठे निसटतात कळत नाही हो!" सप्रे चुकचुकायचे.

पहिल्या वर्षी गायकवाड म्हणाले होते, "बाई, तुमाला क्रिकेटमधलं काय कळतंय?" दुसऱ्या वर्षी म्हणाले नाहीत.

*

त्या वर्षी मात्र आमच्या अंदाजात एका माणसाचा जीव अडकला होता. दत्ताराम म्हात्रे, शेजारच्या नावडे गावचा. चार वर्षं बदली कामगार म्हणून मेंटेनन्सला होता आणि बॉलिंग झकास टाकायचा.

कंपनीत एक अलिखित रीत होती. टीममधून खेळलेला बदली कामगार पुढच्या भरतीत परमनंट व्हायचा. आणि तिशी उलटली की भरतीचं दार बंद. दत्ताला एकोणतीस पूर्ण झाली होती. ही शेवटची संधी. त्यात लग्न ठरलेलं! मुलगी उलव्याची. होणाऱ्या सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं, "परमनंटचा कागद दाखव, दुसऱ्या दिवशी हलद लावतो."

दत्ता रोज आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा. "बाई, आज काय वाटतं? माजा नाव हाय का नाय?"

मी म्हणायची, "हाय रे, हाय!" सप्रे मान हलवायचे. "वैद्यबाई, भावना बाजूला ठेवा. अंदाज म्हणजे अंदाज."

*

अंदाजाला काहीतरी आधार लागतो. गायकवाडांनी एक शोध लावला. खोतसाहेब प्रॅक्टिस बघताना दोनच शब्द बोलतात, "बरं" किंवा "छान". ज्याला "छान" म्हणतात त्याची फक्त समजूत काढायची असते. ज्याला "बरं" म्हणतात तो टीममध्ये!

मागच्या तीन वर्षांची उदाहरणं देऊन त्यांनी हे सिद्ध केलं. दोन दिवसांत सगळ्या कॅम्पला कळलं. पोरं "छान" ऐकलं की तोंड पाडायची. एकाने षटकार मारला, साहेब म्हणाले, "छान", तर बॅट आपटून निघून गेला!

मग एका बुधवारी दत्ताने मधला स्टंप उडवला आणि साहेब म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी दत्ताने घरून टोपभर कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या आणल्या. सगळं टेबल जेवलं. सप्रे शाकाहारी, त्यांनी नुसत्या भाकऱ्या खाल्ल्या आणि तेही खूश झाले.

संध्याकाळी मैदानावर पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पाइप कुठं सोडू?"

साहेब म्हणाले, "बरं."

कोपऱ्यात एक कुत्रं झोपलं होतं. ते उठून आळस देत साहेबांच्या समोरून गेलं. साहेब त्याच्याकडे बघून म्हणाले, "बरं!"

गायकवाड पुढचे दोन दिवस कॅन्टीनला आले नाहीत. डबा सबस्टेशनमध्येच खाल्ला.

*

आता पँटींचा. टीमचे कपडे माझ्या स्टोअर्समधून यायचे. चौथ्या आठवड्यात साहेबांच्या सहीचं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, आलं. पांढऱ्या पँटी, चौदा नग, आणि पुढे प्रत्येकीच्या कमरेचं माप!

मी तो कागद टेबलावर ठेवला तसा सप्रेंनी तो ओढून घेतला. "वैद्यबाई, ही तर यादीच आहे! कंबर कळली की माणूस कळला!"

मग गायकवाड स्टोअर्समधली टेप घेऊन फिरायला लागले. मशीनवर उभ्या माणसाची मागून कंबर मोजायची आणि पुढे जायचं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सेफ्टी बेल्ट येणारेत, गप उभं रहा!" तीन दिवसांत तीस कमरा झाल्या.

बाकीची मापं जुळत गेली. एकच पँट अठ्ठावीसची होती आणि अख्ख्या कॅम्पात अठ्ठावीस कंबर एकाचीच, दत्ताची!

दत्ता त्या दिवशी मैदानाला धावत तीन फेऱ्या मारून आला. गायकवाड म्हणाले, "आता जेवू नको जास्त. तीसची झाली तर घोटाळा हुईल."

फक्त एक पँट बसेना. चाळीसची. चाळीस कंबर कॅम्पात कुणाचीच नव्हती. शेवटी मीच हिंमत केली. "साहेब, ते चाळीसचं माप बरोबर आहे ना? नाहीतर दुकानदार परत घेणार नाही."

"बरोबर आहे. ती अंपायरची. दरवर्षी तेच गृहस्थ येतात, त्यांची पँट फाटायला आली आहे."

"आणि अठ्ठावीस, साहेब?"

"ती होय? दुकानदाराकडे कधीची पडून होती. ती घेतली तर टोप्या फुकट देतो म्हणाला!"

दत्ताला हे कसं सांगायचं यावर आम्ही दोन दिवस चर्चा केली. शेवटी सांगितलंच नाही.

*

त्यानंतरच्या सोमवारी जो प्रकार झाला, तो मी स्वतः पाहिला आहे.

आमचं मैदान प्लँटच्या मागे होतं. ती जमीन म्हणजे दत्ताच्या वडिलांची भातशेती. कंपनी आली तेव्हा गेली. कुठे बांध होता, कुठून पाणी निघायचं, ते दत्ताला पाठ. तो आधीपासून सांगत होता, "त्या टोकाला बॉल उठत नाय, तिथं आमचा बांध व्हता." कुणी ऐकलं नाही.

सोमवारी जनरल मॅनेजर मैदान बघायला आले. नवीन माणूस, कॉलेजात म्हणे कॅप्टन होते. पॅड बांधून उभे राहिले. सगळे ऑफिसर टाळ्या वाजवायला ओळीत. खोतसाहेबांनी चेंडू दत्ताच्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "सांभाळून."

दत्ताने खरोखर सांभाळून टाकला. एकदम हळू, बॅटवर जाईल असा. पण चेंडू नेमका बांधावर पडला, जमिनीला चिकटून सरपटत गेला आणि तिन्ही स्टंप आडवे!

टाळ्या वाजवायला वर केलेले हात लोकांनी हळूहळू खाली घेतले.

दत्ता धावत गेला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, माजी चूक नाय हो! बांध आमच्या बापाचा हाय!"

जीएम हसले. पण कसे हसले ते कुणालाच नीट सांगता येईना. टेबलावर परतल्यावर सप्रेंनी पेन्सिल काढली आणि दत्ताच्या नावावर बारीक रेघ मारली. "गेला बिचारा," असं म्हणाले आणि त्यांनी चहासुद्धा अर्धाच घेतला.

*

सप्रेंबद्दल सांगायला हवं. ते नुसते अंदाज बांधणारे नव्हते, खेळाडू होते! गेली नऊ वर्षं टीमचे चौदावे. मैदानात उतरायची वेळ क्वचितच यायची. ते स्कोअर लिहायचे आणि पाण्याच्या बाटल्या मोजायचे. पण टीमच्या ग्रुप फोटोत डावीकडून पहिले. वाशीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर नऊ फोटो ओळीने लावलेले. पाहुणा आला की वहिनी आधी पाणी द्यायच्या, मग फोटो दाखवायच्या.

बॅटिंग एकदा बघितली आम्ही. प्रॅक्टिस मॅच, वीस ओव्हर. सप्रे ओपनिंगला आले आणि प्रत्येक चेंडू शांतपणे पायाशी थांबवत राहिले. आठव्या ओव्हरला फील्डर मांडी घालून बसले. बाराव्याला गायकवाड कव्हरवरून चहाला गेले, चहा पिऊन, वर्तमानपत्र चाळून परत आले. सप्रे तिथेच!

वीस ओव्हर झाल्या तेव्हा सप्रे सात नाबाद. घाम पुसत मला म्हणाले, "बघितलंत? शेवटपर्यंत विकेट टाकली नाही!"

*

शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी, टोप्यांच्या चलनावर सही घ्यायला मी खोतसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब फोनवर होते. टेबलावरच्या काचेखाली एक चुरगळलेला कागद सरळ करून ठेवला होता. त्यावर चहाच्या ग्लासचा गोल डाग. डाग मी ओळखला, गायकवाडांचा होता. कागद आमचा होता, मागच्या वर्षीचा!

साहेबांनी फोन ठेवला. मी कागदाकडे बघतेय हे त्यांनी बघितलं. कानापर्यंत लाल झाले.

"वैद्यबाई, तीन माणसं सहा आठवडे डोकं खाजवतात. मग मी वेगळं कशाला खाजवू? मला क्रिकेटमधलं काही कळत नाही हो. आधीचे साहेब गेले आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं."

"म्हणजे तुम्ही आमचीच यादी लावता?"

"दोन नावं बदलतो ना! नाहीतर लोक म्हणतील, खोत करतो काय?"

मी तशीच कॅन्टीनला गेले आणि दोघांना सांगितलं. गायकवाडांनी टेबलावर थाप मारली. "मग इचार कसला करताय? घाला की दत्ताला!"

"नाही," सप्रे म्हणाले. "मनात एक आणि कागदावर दुसरं, असा अंदाज मी लिहिणार नाही."

"आवं, त्याचं लगीन आडलंय!"

"आणि घातलं तर काढायचं कोणाला?"

तेरा नावं पक्की होती, त्यांना हात लावता येत नव्हता. उरलेल्या एका जागेवर नऊ वर्षं कोण होतं ते तिघांनाही माहीत होतं. मला तेव्हा सप्रेंचा राग आला होता, हे कबूल करते. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि "घरून लिहून आणतो" म्हणून बस पकडायला गेले.

*

शुक्रवारी कागद खिळ्याला लागला. अक्षर सप्रेंचं. मी ग्लास भरता भरता वाचला. चौदा नंबरला दत्ताराम म्हात्रे. सप्रे कुठेच नाहीत. पुन्हा वरून खाली वाचलं, पाणी ग्लासातून माझ्या चपलेवर सांडलं.

गायकवाडांनीही वाचलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर मागून सप्रेंचा आवाज, "पाणी घ्या आणि पुढे सरका, मागे लाइन आहे."

दुपारी साहेबांनीही कूलरपाशी उभं राहून तो कागद वाचला, चौदाव्या नावाशी थांबले आणि सप्रेंकडे एकदा बघितलं. पण त्यांची दोन नावं बदलायची सवय होतीच. त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

शनिवारी बारा वाजता यादी लागली. ही गर्दी! दत्ता बोर्डकडे पाठ करून खांबाला टेकून उभा. "बाई, माज्याच्यानं होत नाय. तुमी वाचा."

मी वाचत गेले. पहिलं, दुसरं, तिसरं. सगळी आमचीच. अकरा, बारा, तेरा. दोन नावं बदलायला आता जागाच उरली नव्हती.

"चौदा," मी म्हटलं. "दत्ताराम म्हात्रे."

दत्ता गर्रकन वळला. स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. गायकवाडांनी त्याला उचललाच! मग दत्ताचं बोट यादीवरून वर गेलं, परत खाली आलं, आणि त्याचं हसू थांबलं.

"बाई... सप्रेसाहेबांचा नाव कुटं हाय?"

सप्रे शेजारीच उभे होते. एका हातात आमचा कागद, दुसऱ्या हातात पेन्सिल. मान वर न करता शेवटची टिक मारली आणि एवढ्या जोरात ओरडले की किचनमधला आचारी झारा घेऊन बाहेर आला.

"चौदापैकी चौदा! गायकवाड, चौदापैकी चौदा! मी सांगत होतो ना, या खोतांना माझ्याइतका कुणी ओळखत नाही!"