गालिच्यावरची घोडी

रिक्षा वाढल्या तशी बाबांनी टांग्याची फेरी बंद केली, पण घोडा विकला नाही. निर्मळ गावातल्या आमच्या वाडीत, केळींच्या कडेला, झावळ्यांच्या छपराखाली तो उभा असे. त्याचं सगळं सामान एका खुंटीवर मावायचं: खरारा, खूर साफ करायची लोखंडी आकडी आणि आईच्या जुन्या लुगड्याची फडकी. बाबा रोज सकाळी त्याचे चारही खूर उचलून खरडत, मगच चहाला बसत.

त्याच सुमारास तुळिंजमध्ये इमारती बांधून गब्बर झालेल्या एका माणसाने जवळच्या गास गावात बंगला बांधला आणि पांढरी घोडी आणली. त्याला घोड्यावर बसता येत नव्हतं. खरेदी मात्र झकास येत होती. परदेशी खोगीर, त्यावर सोनेरी अक्षरांत स्वतःचं नाव, मखमली झूल, डोक्यावर तुरा, आयाळीला एक शाम्पू आणि शेपटीला दुसरा. रविवारी पाहुणे आले की तो आधी हे सगळं ठेवलेलं कपाट दाखवी, मग घोडी.

मीही गेले होते बघायला. पितळी चांदण्यांचा लगाम पाहून मला मोह झाला, हे कबूल करते. "आपल्याला पण आणू या ना," मी बाबांना म्हटलं.

"घोड्याला विचार," बाबा म्हणाले. "तो गवत आण म्हणेल."

पावसाळा सरता सरता तो माणूस आमच्या अंगणात आला. "काका, घोडी लंगडतेय. तिच्यासाठी बाहेरून बूट मागवलेत, पण तोवर जरा बघता का?"

"बूट?" बाबांनी एवढंच विचारलं आणि आकडी घेऊन सायकल काढली. मी मागे बसले.

तबेल्यात गुळगुळीत टाइल्स, टाइल्सवर हिरवा गालिचा आणि गालिचा मुताने चिंब. बाबांनी घोडीचा पाय उचलला तसा भपकारा आला. खुराचा तळ काळा पडून कुजला होता.

"खूर कधी साफ केले होते?"

"रोज आंघोळ घालतो, काका. शाम्पूने."

"खुरांचं विचारतोय मी."

"तिथे फार घाण असते ना."

मला हसू आवरेना. बाबा हसले नाहीत. त्यांनी गालिचा ओढून बाहेर फेकला, खाली भाताचा पेंढा पसरला आणि मोरचुदाच्या पाण्याने खूर धुतले. तीन आठवडे रोज जाऊन ते हेच करत राहिले. घोडी नीट चालू लागली.

तेवढ्यात बूट आले. पुढच्या रविवारी बाबा आणि मी तिथेच असताना तो पाहुण्यांना सांगत होता, "बघा, बुटांनी कशी कमाल केली!" कपाटातून खोकंही काढून दाखवलं. इतका मूर्ख माणूस मी त्याआधी जवळून पाहिला नव्हता. बाबांनी आकडी पुसली, खिशात घातली आणि ते निघाले.

वर्षभरात त्याला घोडीचा कंटाळा आला. त्याने काचेच्या मोठ्या टाकीत मासे पाळले, असं कानावर आलं. घोडी विरारच्या एका वरातवाल्याने नेली. बाबा सायकलने जाऊन तिला पाहून आले. "बरी आहे," म्हणाले, आणि जेवायला बसले.