तिच्या वतीनं

डहाणू कुठल्या राज्यात जाणार यावरून घराघरांत वाद चालले होते, त्या वर्षी तंबूतल्या सिनेमावाल्यानं आमच्याकडे एक इंग्रजी सिनेमा आणला. युद्धाचा आणि प्रेमाचा. रीळ बदलताना कुणीतरी कर्ण्यावरून गोष्ट मराठीत सांगायची, अशी त्याची पद्धत होती. मी मुंबईला दोन वर्षं कॉलेज करून आलेली, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. मिरवायची हौस मला भारी होती.

त्याच सुमारास माझं आणखी एक मध्यस्थीचं काम चालू होतं. आमच्या वाडीत चिकू धुवायला-निवडायला तलासरीकडच्या पाड्यावरची एक मुलगी यायची, माझ्याच वयाची. माझ्या थोरल्या भावाचा तिच्यावर जीव जडला होता. वडिलांनी घराबाहेर काढलं तरी लग्न करीन म्हणायचा. त्याचे निरोप मी तिला सांगायची. ती खाली मान घालून चिकू निवडत राहायची, आणि मी दादाला येऊन सांगायची, "तयार आहे, लाजते इतकंच." येत्या रविवारी तो तिच्या आईकडे जाऊन बोलणी करणार होता.

सिनेमात शत्रूनं एक गाव जिंकलेलं. त्यांचा एक अधिकारी मास्तरांच्या घरात मुक्कामाला येतो. सभ्य, देखणा. मास्तरांच्या मुलीशी रोज बोलतो, तिच्यासाठी फुलं आणतो. ती शेवटपर्यंत अवाक्षर काढत नाही. तो आघाडीवर जातो, ती खिडकीत उभी, संपलं. मी कर्ण्यावरून गहिवरून सांगितलं, "तिचंही त्याच्यावर प्रेम होतं, पण देशासाठी तिनं ओठ शिवून घेतले." बायकांनी डोळे पुसले. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वाडीत त्या मुलीनं पहिल्यांदा आपणहून विषय काढला.

"बाय, ती पोरगी तर काय बोललीच नाय. मग तिचं मन तुला कसं कललं?"

"चेहऱ्यावरून कळतं."

"तो बंदूकवाला. तिच्या बापाच्या घरात घुसलेला. त्याला नाय म्हनायची सोय होती का तिला?" तिनं एक नासका चिकू बाजूला टाकला. "आमच्यात पोरीला साऱ्या पाड्यासमोर इचारतात. ती हो म्हनली तरच पुढचं. गप राहिली तर पाव्हनं उठून जातात."

मला आधी राग आला. दादा काही बंदूक घेऊन आला नव्हता, उलट तिच्यासाठी घर सोडायला निघाला होता. पण ती उभी होती ती वाडी आमची, विहीर आमची, तिच्या आईला कामावर बोलावणारा मुकादम आमचा. मग मात्र मला लाज वाटली, आणि ती लाज बरेच दिवस गेली नाही.

संध्याकाळी ओट्यावर वडील चार माणसांना तावातावानं सांगत होते, "इथल्या लोकांना विचारल्याशिवाय सीमा आखायचा यांना अधिकार काय?" सगळे माना डोलवत होते. दादाही.

मी त्याला मागच्या दारी बोलावलं. त्यानं हसतच विचारलं, "काय म्हणाली?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "ती कधीच काही म्हणाली नव्हती. इतके दिवस मीच बोलत होते."